डावं दार

खोका पन्नासेक वर्षं कपाटावर होता,
नाताळच्या गवती बोकडांच्या मागे.
झाकणावर किंमत, एकोणीस क्रोनर,
आणि बर्फातून वळण घेणारी लाल साब.
चित्रातला बर्फ अजून पांढरा,
गाडीच तेवढी विटलेली.

लेम्पीने दिला होता. ट्रोलहेट्टनच्या स्टेशनावर.
गाडीचं काम फिनलंडला गेलं,
कामामागून लेम्पी.
"आता उजवं दारही तूच बसव,"
असं काहीतरी म्हणाली.
तिचं स्वीडिश नेहमी अर्ध्या वाटेत दम खायचं,
आणि मला फिनिशमधले तीनच शब्द यायचे,
त्यातले दोन लिहिण्यासारखे नाहीत.

नऊ वर्षं आम्ही समोरासमोर उभ्या,
मधून सरकणारी गाडी.
डावं दार माझं, उजवं तिचं.
बिजागरी, बोल्ट, खांद्याचा एक धक्का,
मग लोटून द्यायचं आणि ऐकायचं.
ठप् म्हणजे जमलं.
ठण् म्हणजे पुन्हा.
एवढ्या दोन शब्दांवर आम्ही
तिचा घटस्फोट, माझं बाळंतपण,
मुकादमाचा नवा विग, सगळं बोललो.

दिवसभर खरी दारं लावून आल्यावर
खोट्या गाडीकडे बघवतं कुणाला?
एकदा बसले होते. इंजिनापर्यंत आले.
मग टूरेला गोवर निघाला,
सहाव्या पायरीवर कॉफीच्या कपाचा गोल ठेवून
उठले, ती उठलेच.

यंदा डॉक्टरीण म्हणाली, अंगठे चालते ठेवा, गुनवोर.
खोका उतरवला.
गोंदाच्या नळीचा दगड झालेला.
रबरी टायरांनी पिशवीत पडल्या पडल्या
शेजारच्या बंपरला चावे घेतलेले,
गोल, नेमके, दातांशिवाय.
नवा गोंद घ्यायला गेले तर दुकानातला पोरगा म्हणे,
"नातवासाठी?"
हो म्हटलं.
खोटं बोलायला वयाची अट नाही.

नंबरपाटीचे कागद चहासारखे पिवळे.
ते खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवायचे,
ऊन हळूहळू पिवळेपणा पिऊन टाकतं.
पण फेब्रुवारीत आमच्याकडे ऊन
समोरच्या छपरावर बसतं आणि तिथूनच परत जातं.
एप्रिलपर्यंत थांबले.
थांबणं मला नवं नव्हतं, गाडीलाही.

चाकं बसली, सीटा बसल्या,
स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअरची काडी,
चिमट्यात धरून, श्वास रोखून.
आणि मग लक्षात आलं,
या गाडीला दार नाही.
दाराची नुसती रेघ आहे.
साचा कोरणाऱ्याने चाकं फिरती ठेवली,
बॉनेट उघडतं ठेवलं,
दार मात्र अंगातच ओतून टाकलं.
आमची नऊ वर्षं, एका रेघेत.

तीन संध्याकाळी लागल्या.
सुरीच्या पाठीने, त्याच रेघेवरून,
पुन्हा पुन्हा, दाब न देता.
मध्येच अंगठा आखडला,
गरम पाण्यात बुडवून परत आले.
जुन्या दिव्याच्या वायरीतली तांब्याची एक तार काढली,
तिची बिजागरी.
खांद्याचा धक्का द्यायची सवय
हाताला आवरावी लागली.

दार सुटलं तेव्हा आत
चिमणीच्याही मापाची नसलेली अंधारी जागा.
गाडी कानाशी नेली.
लोटलं.

काही ऐकू आलं नाही.
कानाचं यंत्र टेबलावर राहिलेलं.
ते घातलं, पुन्हा लोटलं.
नखावर नख आपटावं तेवढंच,
पण ठण् नव्हतं.
एवढं मला कळतं.

सुरी उजवीकडेही नेली होती.
रेघेवर टेकवली.
मग पुसून ठेवून दिली.
ती बाजू माझी नाही.

आता ती खिडकीत उभी आहे,
नंबरपाटी किंचित तिरकी.
टूरे आला की डावं दार उघडतो, मिटतो, उघडतो,
साठीला टेकलेला माणूस,
आणि विचारतो, दुसरं का नाही?
मी त्याला कॉफी ओतते.