दर झाडाला एकदा

सटाण्याच्या स्टँडमागे माझी लॅब.
खाली खतांचं दुकान, वर मी,
त्यामुळे लोक चुकून पानंही वरच आणतात.
यमुनाबाई बागुल पिशवीतून फांदी काढतात :
"हाई काय व्हयेल शे, ताई?"
पान उजेडाकडे धरलं की डागाभोवती पिवळी कड दिसते.
तेल्या.
तो सांगायला भिंग लागत नाही.

लम्पी मला कधीच दिसली नाही,
तेवढी नजर माझ्या यंत्राला नाही.
गाठी तेवढ्या पाहिल्या, कातडीखाली
चिंचोके भरून शिवल्यासारख्या.
गुरांच्या दवाखान्यातला वसंत अहिरराव तेव्हा
शंभर गाईंना शंभर सुया मोजून घ्यायचा.
म्हणायचा, एकच सुई गोठाभर फिरवली
तर माशांना काही कामच उरणार नाही.

हेच मला रात्री आठवत राहतं.
रोगाला स्वतःचे पाय नसतात.
तो लस टोचणाऱ्या हातावर बसतो,
पोराचं नाक पुसलेल्या पदरावर,
आजाऱ्याला भेटायला आलेल्यांच्या
एकाच पेल्यावर.
आपण जिथं जिथं जातो
तिथं तो आपल्याबरोबर येतो, भाडं न देता.

काशिराम गावित आला तो मंगळवारी.
सुरगाण्याचा, छाटणीच्या टोळीतला.
तीन आठवडे खोकला,
खिशात कात्री, पात्याला फडकं गुंडाळलेलं.
मी सहज विचारलं, कात्री धुता का?
तर त्याने सगळं नीट सांगितलं :
कमरेला औषधाच्या पाण्याचा डबा,
एक झाड झालं की कात्री बुडवायची,
मगच दुसरं.
दर झाडाला एकदा, ताई. चुकत नाही.
झाडंही लांब लांब लावलेली,
चौदा फूट बाय दहा,
वारा खेळला पाहिजे म्हणून.

आणि झोपता कुठं?
मोटारीच्या खोलीत. बारा जण.
खिडकी?
तो हसला, मग खोकला.
खिडकीत खतांच्या गोण्या आहेत.

थुंकी काचेवर पसरली, ज्योतीवर धरली,
लाल रंग, आम्ल, मग निळा.
निळ्यावर बारीक लाल काड्या,
छाटून टाकल्यासारख्या, विखुरलेल्या.
मी दोनदा मोजल्या.
दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यातही त्याच.

सहा महिने गोळ्या, सरकारी, फुकट,
मध्येच सोडायच्या नाहीत;
बाकीच्या अकरा जणांनाही घेऊन ये.
तो ऐकत होता
आणि ऐकता ऐकता
बसलेली खुर्ची मागे सारत होता,
थोडी, आणखी थोडी,
दाराला टेकेपर्यंत.

मी मधल्या जागेकडे पाहिलं.
दहा फूट सहज असेल.

मग उठले,
खिडकीच्या तावदानाला टेकवलेले
रिपोर्टांचे जुने गठ्ठे खाली ठेवले,
कडी गंजली होती, हातोडीने ठोकली.
स्टँडवरची धूळ आत आली, डिझेलचा वास आला,
नामपूरच्या गाडीची हाक आली.
टेबलावरचं यमुनाबाईंचं पान उडालं.
ते उचलायला तो वाकला,
आणि मी ओरडलेच,
"राहू दे, हात लावू नको,
उद्या छाटणीला जाशील!"

तो तसाच वाकलेला, हात हवेत,
हसत होता.