कोय

चौदा चिंचोके घेतले होते
खळीसाठी आणलेल्या पोत्यातून, भाजण्याआधी.
भाजलेलं उगवत नाही
एवढं मलाही कळतं, बत्तीस वर्षं मागावर काढूनसुद्धा.
शहाबादी फरशीवर एकेकाची कड घासली,
आतलं पांढरं दिसेपर्यंत. रात्रभर पाण्यात.
नऊ उगवले.
तीन खारीने नेले, दोन एप्रिलने.
एक मीच मारलं, पाणी घालघालून.

लोकांना वाटतं, बोन्साय म्हणजे झाड लहान ठेवणं.
आधी त्याला बेफाम वाढू द्यावं लागतं.
कुंडीत खोड जाड होत नाही,
करंगळीएवढं राहून नुसतं म्हातारं होतं.
म्हणून साखर पेठेत, मोरीमागच्या हातभर जमिनीत
मुळांखाली फुटकी ताटली पुरून लावलं,
सोटमूळ खाली न जाता आडवं पसरावं म्हणून.
पाचव्या दिवशी नळ येतो. आधी हंडे, मग पिंप, मग चिंच.

दर दसऱ्याला बुंध्याला सूत गुंडाळतो, गाठ मारतो.
एकच सूत, सगळ्या वर्षांच्या गाठी त्यावरच.
अगरबत्ती. पेन्सिल. मग कांडीएवढं झालं
तेव्हा वीतभर ठेवून वरचं सगळं करवतीने उडवलं.
शेजारचा श्रीशैल म्हणाला, मामा, बरं आहे ना?

खालची एक फांदी मात्र सोडून दिली.
तिला तार नाही, वळण नाही, छाटणी नाही.
ती भिंतीवरून चिट्यालांच्या पत्र्यावर गेली,
तिथलं ऊन खाल्लं
आणि मिळालं ते सगळं खाली बुंध्याला पाठवलं.
खोड पुरेसं भरलं की
हीच फांदी कापायची असते.

यंदा नववं. करवत घेऊन
तीन रविवार नुसता बसलो.

अक्का उंबऱ्यात, मांडीवर सूप, विड्या वळत.
मी दहावी झालो, मागावर लागलो, माझं लग्न झालं,
मुलगी बंगळुरूला गेली.
सूप तिथंच.
मान वर न करता म्हणाली, "कोय रा."

घरात आम्ही तेलुगू. कोय म्हणजे काप.
शाळेत मराठी. कोय म्हणजे आंब्याच्या आतलं बी.
गुरुजींनी फळ्यावर 'कोय' लिहिलं होतं
आणि मी विचारलं होतं, काय कापायचं?
सगळा वर्ग हसला होता.

कापली.
जुन्या रुपयाएवढी जखम, वर शेणमाती.
साल कडेकडेने चढत येईल, पाचेक वर्षं लागतील.
मग बघणाऱ्याला वाटेल, हे पहिल्यापासून असंच.

फांदी पत्र्यावरून ओढून आणली.
अक्काने कोवळा चिगुरु ओरबाडून घेतला, डाळीत घातला.
डाळ शिजेपर्यंत तिने डब्यातलं सूत मागितलं
आणि आपल्या मनगटाला एक वेढा दिला.
सातव्या वर्षाच्या गाठीशी येऊन थांबलं.

"अजून दोन आहेत ना मागं?" म्हणाली.
मग म्हणाली, "मीठ बघ."