तेलझरीच्या टेकडीवर रात्रींची वाटणी

कॅमेरा अजून खोक्यातच आहे.
थर्माकोल, सिलिका जेलच्या पुड्या,
आणि एक नाकतोडा, कुठून शिरला कोण जाणे.
मी आलेखवहीत आकाश आखते आहे
टोक सारखं मोडणाऱ्या पेन्सिलीनं.

एका चौकटीत पंचवीस पौर्णिमा मावतील,
पाच-पाचच्या पाच ओळी,
एकमेकींना न ढकलता.
आजवर किल्लीच्या भोकातून बघत होतो,
आता अख्खं दार.
दार उघडल्यावर काय मागायचं ते ठरेना,
म्हणून तीन दिवस झाले
चहा पिते, लिहिते, खोडते.

मिनिटभर उघडा डोळा, चाळीस सेकंद मिटलेला.
आठ तासांच्या रात्रीत दोनशे अठ्ठ्याऐंशी चौकटी.
तन्मयी म्हणते, सगळं आकाश एकदा झाडून घेऊ.
मी म्हणते, थोडंच घेऊ,
पण दर तीन दिवसांनी त्याच घरी परत जाऊ:
कोण मंदावलं, कोण भडकलं,
कोण परवापर्यंत होतं.

झिंगाजी धुर्वे टेकडीची किल्ली
करदोट्याला बांधून सांभाळतात.
वहीवर वाकले.
"हे मधात फटी काहाच्या?"
सोळा तुकडे जोडून केलाय हा डोळा,
सांध्यांत त्याला दिसत नाही.
"मंग दुसऱ्या फेरीले तिफण जराशी सरकवून धरा ना बाई.
तास चुकला का तण उगवते."
वेधशाळांमध्ये याला वेगळा शब्द आहे.
मी वहीत 'तिफण' लिहिलं.

मग रात्री मोजायला बसले.
जून ते सप्टेंबर काट.
पौर्णिमेच्या अलीकडे-पलीकडे चार-चार काट.
दिवाळीचा आठवडा, धुरापायी, काट.
मार्चात मोहाखालचा पाचोळा पेटवतात,
पहाटे चारनंतर पूर्व गढूळ. अर्ध्या काट.
उरल्या एकशे बारा.

"आन् लाइन?" झिंगाजी म्हणाले.

लाइनचा विचार मी केलाच नव्हता.

वायरमन गजभिये गाडी बंद न करताच सांगून गेला:
आठवड्यातून चार दिवस, रात्री साडेअकराला थ्री फेज.
संत्र्याच्या बागांत साठ-सत्तर मोटारी
एकदम उठतील,
आणि तुमच्या टेकडीचं व्होल्टेज मान टाकेल.

हा डोळा उणे शंभरावर थिजवून ठेवायचा असतो.
तापला की त्याला
नसलेले तारे दिसू लागतात.

त्या रात्री कठड्याशी उभी राहिले.
खाली बागेत बॅटऱ्या हलत होत्या.
एखादी थांबे, वाके,
आळ्याचं तोंड फोडे, पुढं सरके.
सवयीनं मोजल्या. सतरा.
पुन्हा मोजल्या. सोळा.
एक विझली, किंवा झाडाआड गेली.
तीन दिवसांनी परत बघायला हवं.

यांनी रात्र मागितली नव्हती,
वेळापत्रकानं ती त्यांच्या अंगावर टाकली.
मी मात्र अठ्ठावीस पानांचा अर्ज करून मागितली,
वर शिफारसपत्रं जोडली.

आता तक्त्यात एक नवा रकाना आहे: पाणी.
पाण्याच्या रात्री साडेअकरापर्यंत लाइन,
मग चार तास साठवलेल्या विजेवर,
जवळचं, ठळक तेवढंच.
बाकीच्या रात्री दूरचं, फिकट,
ज्याला थांबून राहावं लागतं.
तन्मयीला हे पटलेलं नाही.
तिचं एक पत्र आलंय, उत्तर द्यायचंय.

निघताना झिंगाजींनी विचारलं,
"आमच्या बाजेचा नंबर कवा?"
सप्तर्षींना ते बाज म्हणतात.
चार खूर, आणि मागं
बाज पळवायला आलेले तीन चोर.
एप्रिलात, मी म्हटलं,
पण एका चौकटीत नाही मावायची.
"पंचवीस चंद्र मावते म्हंता,
आन् एक बाज मावत नाई?"
टेकडी उतरेपर्यंत हसणं ऐकू येत होतं.

नुसत्या बाजेला आठ चौकटी.
चोर एकमेकांपासून लांब, प्रत्येकाला एक.
अकरा.
एप्रिलच्या रकान्यात, हलक्या हातानं:
साडेअठरा मिनिटं.
कारण लिहायची जागा कोरी ठेवली आहे.