सात नंबरचा बॉल

मुलींचा बॉल सहा नंबरचा,
पुरुषांचा सात.
घेरात फरक जेमतेम एक पेर.
तारिणीनं सातच उचलला.

लोकमान्य नगरच्या कोर्टावर
नऊ पुरुष, दहावी ती.
गुणांची वही माझ्याकडे.
पहिली दहा मिनिटं कुणी तिला धक्काच लावेना.
सगळे बाजूला सरत,
बसमध्ये जागा दिल्यासारखे.
तिनं पाच बास्केट केले, चिडून.
"भिया, खेळताय की पाहुणचार करताय?"

मग साडेसहा फुटी भावसारनं
तिचा शॉट असा थोपटला
की बॉल भिंतीपलीकडे, गटारात.
कट्ट्यावरचे हसले: झालं, मिळालं उत्तर!

भावसार तर सगळ्यांनाच थोपटतो.
उरलेल्या आठांना कुणी विचारत नाही,
मोठ्या लीगमध्ये तुमचा निभाव लागेल का रे.

बॉल तीच घेऊन आली,
नळाखाली धुऊन.

पुढच्या खेपेला त्याचं कोपर
तिच्या बरगडीत बसलं.
मी फाऊल लिहिला. दोन फ्री थ्रो.
रेषेवर ती वाकून श्वास शोधत होती
आणि गालात हसत होती.

पहिला हुकला.
दुसऱ्याआधी तिनं ओला बॉल
तळव्यांत सावकाश फिरवला,
मापून बघितल्यासारखा.