तिकांडं

विश्रामबागेत, सात मजल्यांच्या वर, पाण्याच्या टाकीशेजारी
माझी खुर्ची, मशीन
आणि दव पडू नये म्हणून त्याच्यावर टाकायचं खताचं पोतं.
साडेसातला बटण दाबतो.
यंदा कार्तिकातही ढग रेंगाळलेत. मगदूमशेठ खूश:
ढग म्हणजे फुकटचा पडदा,
ना भाडं, ना परवाना.
हिरवी अक्षरं आधी थरथरतात
मग नीट बसतात कृष्णेच्या अंगाला:
टू बीएचके. बुकिंग चालू.
शेवटचा 'लू' ढगाच्या फटीतून निसटतो,
पुढं कुठं जातो, मला माहीत नाही.

बाप अंकलीच्या पलीकडं
सोयाबीन निघालेल्या रानात मेंढरं बसवून आहे.
त्याच्या फोनमध्ये एक दाबला की मी लागतो.
पहिल्या रात्री विचारलं,
"वर काय लिवलंय रं?"
मी वाचून दाखवलं.
बराच वेळ नुसती मेंढरं खोकत होती.
मग, "तितं गुंठा कसा म्हणं?"

मी हसलो. तो नाही हसला.

घड्याळ आहे त्याच्याकडं, अंक येत नाहीत.
तिकांडं डोक्यावर आलं की आईला उठवायचं,
तिथून पुढची राखण तिची.
पहाटे उत्तरेला म्हातारीची बाज वर यायची
आणि बाज पळवणारे ते तीन चोर.
लहानपणी मी भ्यायचो त्यांना, आईच्या घोंगड्यात शिरायचो.
आता बाजेसकट चोरच कुणीतरी उचलून नेलेत
आणि बाप त्याची चौकशी
माझ्याकडं करतो.

टिटवी रातभर वरडती, म्हणतो.
कुत्री अक्षरांवर भुकून भुकून दमली.

दोनला मशीन बंद. तरी काही परत येत नाही.
मैदानाचे फ्लडलाइट, सराफाचा बोर्ड, शंभर फुटीवरचे खांब,
सगळं मिळून आभाळ
हळद उकडल्यावर उरलेल्या पाण्यासारखं.
एकदा मोजल्या चांदण्या. अकरा.
त्यातली एक विमान निघाली.

हल्ली रोज रात्री एकच्या सुमाराला फोन.
"तिकांडं कुटं आलं?"
मी मोबाईल आभाळाकडं धरतो.
काचेत तिन्ही ठिपके दिसतात,
माझ्याच उजेडाच्या मागं.
"आलंय डोक्यावर. उठव आईला."

परवा राहवलं नाही.
टू बीएचके पुसलं
आणि ढगावर तीन ठिपके ठेवले, हिरवे, एका ओळीत,
अंकलीच्या बाजूला.
दहा मिनिटं.
मगदूमशेठचे दोन मिस्ड कॉल. पाचशे कापतील. कापू देत.

मग बापाचा आला.
"दिसलं," म्हणाला.
मी गप्प राहिलो, अजून काहीतरी म्हणेल म्हणून.

"पर तुजं हालत न्हाई, लेका.
मगाधरनं बघतोय, जागचं हालंना.
हिला कवा उठवू?"