काडी

ऑक्टोबर. रोजगार कार्यालयाच्या खिडकीत मी.
उन्हाळ्यात माझाही पगार एक तृतीयांश कापला,
पण खिडकीच्या आतल्या बाजूला हीटर आहे.
तेवढाच फरक.

यादीत दोनशे अकरा नावं. झाडू चाळीस.
महिन्याला शंभर लात्स, सरकारची योजना:
पानं गोळा करायची, गटारं उपसायची,
अंगावर नारिंगी जाकीट, ते मात्र
शेवटच्या दिवशी धुऊन परत करायचं.

"नाव?"
"वेल्ता ग्रावीते."
मी मान वर केली नाही.
हाच आवाज सातवीत म्हणाला होता,
जिद्रा, उत्तर बरोबर आहे, पण पायऱ्या कुठायत?

पायऱ्या रीगाला असतील, बाई, मंत्रालयाला.
इथे नुसती उत्तरं येतात, शिक्का मारून.
जूनमध्ये तुमची शाळा: 'सुसूत्रीकरण'.
त्याआधी प्रसूतिगृह: तेही 'सुसूत्रीकरण'.
आता कळा सुरू झाल्या की बेचाळीस किलोमीटर,
आणि रस्त्यात बाळ आलंच
तर ते कोणत्या रकान्यात घालायचं
याचं परिपत्रक अजून निघालेलं नाही.

टीव्हीवर अर्थमंत्री रोज येतात.
पट्टा आवळा, म्हणतात. आम्ही आवळला.
माझ्या नवऱ्यानं खिळा तापवून
पट्ट्याला दोन जादा भोकं पाडली,
मग पट्टा ठेवून तो स्वतःच गेला,
आयर्लंडला, अळंब्या तोडायला.
फोनवर सांगतो, शेडमध्ये रात्रंदिवस अंधार असतो
आणि सगळेजण लाट्व्हियनच बोलतात.

बँक बुडत होती तेव्हा मात्र
एका रात्रीत कागद झाले.
कोणी तिला विचारलं नाही, पट्टा आहे का,
कोणी तिला ओळीत उभं केलं नाही.
बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना,
तिला अख्खं जंगल तोडून दिलं.
काडी उरली ती आमच्याकडे आली,
तिच्या टोकाला बर्चच्या फांद्या बांधून.

बाईंनी सही केली. तेच वळण, 'व'ला तोच फाटा.
मी नियमाप्रमाणे विचारलं, काही प्रश्न?

"आहे," त्या म्हणाल्या.
"काल मंत्री म्हणाले, बेकारी कमी झाली.
खरंच झालीय. मी वहीत मांडून बघितलं."
मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.
"अंश लहान झाला की अपूर्णांक लहान होतो.
पण अंश कुठे गेला, हे गणितात लिहायचं नसतं.
तो मंगळवारच्या बसनं गेला,
डब्लिनला, लीड्सला,
माझ्या नववीच्या वर्गातले सतरा."
मग माझ्याकडे बघून, हळूच,
"तुझा इल्ग्वार्सपण अंशातच ना गं?"

मी झाडू दिला. क्रमांक सदतीस.
पावतीवर 'चांगल्या स्थितीत' असं लिहिलं.

दुपारी कार्यालय बंद करून निघाले
तेव्हा त्या शाळेच्याच फाटकात होत्या.
कुलूप नवं होतं. मेपलची पानं
आतल्या बाजूला पडली होती, जाळीपलीकडे,
आणि करार फक्त बाहेरच्या फुटपाथचा.
त्या जाळीतून दांडा घालून
आतली पानं बाहेर ओढत होत्या, एकेक,
म्हणजे मग ती झाडता येतील.

मी मदत केली नाही.
खिशात एक लात्सचं नाणं होतं, त्यावर मासा,
प्रवाहाच्या उलट पोहून घरी येणारा.
मी त्याला अंगठ्याने घासत उभी राहिले.
बसचं तिकीट ऐंशी सांतिम.
वारा सुटला होता, आणि बाई
मोजत होत्या. ओठ हलत होते.
पानं, की मुलं, ते इथून ऐकू येईना.