कानोसा

नुकुसच्या बाजारात कल्लीबेक आजोबा
खरबुजाला टिचकी मारायचे, कान टेकवायचे,
आणि सांगायचे: 'हे उद्या दुपारी. हे आत्ता काप.
हे नेऊ नकोस, आत पाणी झालंय.'
चाळीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत, असं शेजारी म्हणतात.
दोनदा चुकलो, असं ते स्वतः.

मग खोकला. मग इंजेक्शनं,
आठ महिने, रविवार सोडून.
जंतू मेले.
कानात शीळ घुमायला लागली, किटलीसारखी बारीक,
आणि एका सकाळी तीही थांबली.
फाइलवर शिक्का आहे: बरा झाला.
फाइल खोटं बोलत नाही.

नवी गोळी कानामागून आली,
म्हणजे कान गेल्यावर, सहा वर्षांनी.
तिच्या चाचणीत आता त्यांची नात आहे, अरझायिम.
सतरा वर्षांची, म्हणून संमतीपत्रावर सही आजोबांची.
अकरा पानं. त्यांनी एकच विचारलं, सगळा वॉर्ड वळून पाहील इतक्या मोठ्यानं:
'यात सुई आहे का?'
तिनं त्यांच्या तळहातावर बोटानं लिहिलं, नाही.

मी प्रयोगशाळेत असते. सदतीस अंशांच्या उबेत
थुंकीच्या नळ्या. हा जंतू सावकाश चालणारा,
दिवसाकाठी जेमतेम एकाचे दोन.
बेचाळीस दिवस वाट पाहायची,
दिवा लागू नये याची.
नळ्यांवर नावं नसतात, आकडे असतात.
पण ०४१७ कोण, हे मला कळू नये तरी कळलंय.
शहर लहान आहे, आणि आमची भिंत एक.
आज एकोणचाळिसावा.

ही गोळी बदल्यात काय मागेल, कुणालाच ठाऊक नाही.
म्हणून दर महिन्याला हृदयाचा आलेख,
आणि अंगठ्याच्या हाडावर कंपनकाटा:
जाणवतं? कधी थांबलं, सांग.

नर्स गुलायिम सांगत होती,
काल आजोबांनी तो काटा मागून घेतला.
टेबलाच्या कडेवर आपटला,
त्याचं बूड छातीच्या हाडावर टेकवलं, डोळे मिटले,
रांग खोळंबली तरी कुणी काही बोललं नाही.
मग म्हणाले, 'आवाज आहे.'
आणि काटा परत देताना,
'कुठल्या फळाचा, ते कळत नाही.'

अरझायिमनं दुसरं पाऊल पुढं केलं.